गे नात्यावर पहिली फिल्म करतोयस? आधी एवढं बघ

फीचरची, म्हणजे पूर्ण लांबीच्या फिल्मची, स्क्रिप्ट तयार आहे म्हणतोस, भारीच, पण ती सध्या बाजूला ठेव आणि आधी एक १०-१२ मिनिटांची शॉर्ट कर, दोन पात्रं, एक खोली, बास. नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- सगळी गोष्ट कमिंग आउटवरच, म्हणजे आपण गे आहोत हे उघड सांगण्यावरच. घरी कळतं, रडारड, शेवटी कोणीतरी मरतं. त्यापेक्षा दोघं एकत्र राहायला लागल्यावर भाडं कोण भरतं, कोण रुसून बसतं, कोणाला मूल हवंय, खरी फिल्म तिथे असते रे.
- इंटिमेट सीन 'सेटवर बघू' म्हणून सोडणं. अजिबात नको! हात कुठे लागणार, कपडे किती, सगळं आधी बोलून लिहून ठेव, त्या दिवशी सेटवर माणसं कमीत कमी, आणि नट ऐनवेळी नाही म्हणाला तर नाही. जो स्वतः आउट नाही त्याला प्रमोशनमध्ये त्यावर बोलायला लावायचं नाही.
- साउंड. फ्रेम जरा काळपट चालते, डायलॉग ऐकू आला नाही की प्रेक्षक गेला.

आणि फिल्म झाली की उत्साहात लगेच यूट्यूबवर टाकू नकोस, बरेच फेस्टिवल प्रीमियर मागतात, म्हणजे फिल्म आधी कुठे दाखवलेली नको असते. क्वीअर (गे, लेस्बियन, ट्रान्स वगैरे) फिल्मसाठी बर्लिन फेस्टिवलचा टेडी पुरस्कार १९८७ पासून आहे, कान फेस्टिवलचा क्वीअर पाम २०१० पासून, दोन्हीकडे शॉर्टला वेगळं बक्षीस असतं, पण नुसतं तिकडेच डोळे लावून बसू नकोस, छोट्या क्वीअर फेस्टिवलांनाही पाठव, पुढचा एडिटर किंवा प्रोड्यूसर बऱ्याचदा तिथेच भेटतो.

सेल्स एजंट, ग्रँट वगैरे नंतर सांगतो, आधी शॉर्टचा पहिला ड्राफ्ट लिही.