पाहुणे, कूलर आणि तुझी खोली

सई,

बंडूमामाला नेवार्कच्या विमानतळावर सोडून येताना तू मागच्या सीटवरून विचारलंस, "आई, परवा रात्री तू बाबाला म्हणालीस की आता घर रिकामं हवंय. आणि आत्ता मामीला म्हणालीस, अजून चार दिवस राहिला असतात. यातलं खोटं कुठलं?" मी काही बोलले नाही, तेव्हा हळूच म्हणालीस, "माझी खोली द्यायची का, हेही मला कोणी विचारलं नाही."

दुसरं वाक्य मला जास्त लागलं. म्हणून लिहितेय. रविवारच्या मराठी शाळेतल्या धड्यांपेक्षा हे लांब आहे. अडलं तर बाबाला विचार, नाहीतर माझ्याजवळ येऊन बस, मी वाचून दाखवेन.

आधी कूलरचं सांगते, कारण तुझ्या खोलीची गोष्ट तिथूनच सुरू होते. अकोल्याचं घर तू पाहिलंयस, पण डिसेंबरात. मे महिन्यात तुला कधी नेलेलं नाही. तेव्हा तिथे पारा 45 अंशांवर जातो, म्हणजे तुला कळणाऱ्या अमेरिकेच्या मापात, फॅरनहाइटमध्ये, 113. 25 मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की सकाळी अकरानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. घरात कूलर एकच, मोठा, पत्र्याचा, खिडकीला बाहेरून लावलेला, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या. त्यावर पाणी पडायला लागलं की ओल्या गवताचा वास घरभर पसरायचा. त्याच्या अगदी समोरची जागा माझी होती. निदान मी तसं धरून चालले होते. आणि मग कराडहून माझ्या आत्याचं पोस्टकार्ड यायचं.

'अमुक तारखेला महाराष्ट्र एक्सप्रेसने निघतो आहोत, मुलं फार आठवण काढतात.' येण्याची तारीख असायची, जाण्याची नसायची. आबा ते कार्ड मोठ्याने वाचायचे आणि आजी हातातलं काम न थांबवता म्हणायची, "बरं झालं." संध्याकाळी कराडला गाडीत बसून आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला उतरायची, बंडूदादा आणि त्याच्या दोघी बहिणींना घेऊन. आणि त्या दुपारपासून कूलरसमोर बंडूदादा. कारण तो घाटावरचा, त्याला इतक्या उन्हाची सवय नाही, त्याच्या अंगावर लगेच घामोळं उठायचं. मी भिंतीकडे.

मला कोणी विचारलं नाही, सई. राग यायचा, आणि त्या रागात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. तुझ्या खोलीत जो बंडूमामा झोपला होता, तो हाच बंडूदादा. जाताना त्याने तुझ्या टेबलावर तुझी पेनं जशी होती तशी लावून ठेवली, ते तू पाहिलंस का? लहानपणी तो असाच होता. सकाळी उठला की स्वतःची गादी गुंडाळून माझी चादर माझ्या जागेवर आणून ठेवायचा.

आता पाण्याचं. अकोल्याला काटेपूर्णा धरणातून पाणी येतं, आणि उन्हाळ्यात धरण तळाला गेलं की नळाला रोज पाणी नसायचं. मध्ये कितीतरी दिवस कोरडे जायचे. नळ यायचा तो बहुधा रात्री किंवा पहाटे, आणि आला की घरातल्या झाडून सगळ्यांनी उठायचं. ड्रम, हंडे, कळश्या, बादल्या, स्वयंपाकघरातले गंज, जे हाताला लागेल ते भरायचं. अशा गावात घरात चार माणसं वाढणं म्हणजे काय, याचा हिशेब आजीच्या डोक्यात चालत नसेल का? नक्की चालत असणार. तरी पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी आणि मग माठातलं प्यायला पाणी, यात कधी खंड पडला नाही. पाय धुतलेलं पाणी मोरीच्या बाहेर ठेवलेल्या बादलीत जायचं आणि संध्याकाळी गच्चीवर शिंपडलं जायचं, म्हणजे रात्री गाद्या टाकायच्या आधी स्लॅब जरा निवेल. ते शिंपडणं आम्हा मुलांकडे होतं. कूलर भरणंही आमच्याकडेच. त्याला बोअरचं खारं पाणी चालायचं, ते शेजारच्या हापशीवरून आणायचं. एक जण हापसणार, दोघं बादली धरणार. आत्याची मुलं आली की हेलपाटे निम्म्यावर यायचे.

हे मला तुला नीट सांगायचंय. आमच्या घरी पाहुणा बसून राहत नसे. दोन दिवसांत त्याच्या हातात काम पडायचं आणि त्याला कुणी मागायचंही नाही, तोच घ्यायचा. उलट काही कामं आजी मुद्दाम राखून ठेवायची. "आत्या आल्यावर कुरडया घालू." एप्रिलपासून हे वाक्य घरात असायचं.

कुरडई तू आमरसाबरोबर तळलेली खातेस, पण ती होते कशी हे तू पाहिलेलं नाहीस. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्यांना एक आंबूस वास सुटतो, तो आम्हाला आवडायचा नाही आणि तरी वाकून वाकून आम्ही तो घ्यायचो. मग ते वाटून, पिळून, गाळून कोंडा बाजूला काढायचा आणि पांढरं दूध रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून दिलं की खाली घट्ट चीक बसलेला असतो. तो शिजवायचा म्हणजे दोन बायका लागतातच. उकळत्या पाण्यात एकीने चीक ओतायचा आणि दुसरीने लाकडी दांड्याने घोटत राहायचं, क्षणभर थांबलं की गुठळी. आजी ओतायची, आत्या घोटायची. आत्याचे दंड तांबडे व्हायचे, कपाळावरचा घाम ती खांद्याने पुसायची, आणि दोघी एकमेकींशी एक अक्षरही बोलायच्या नाहीत. त्यांना तसं चालायचं. शिजला की आधी आम्हा मुलांना वाटीत गरम चीक, वर तेलाची धार. मग सोऱ्यात भरून गच्चीवर जुन्या धुतलेल्या लुगड्यावर कुरडया घालायच्या, ऊन तापायच्या आत. आमचं काम कावळे हाकायचं. पालथ्या बादल्यांवर बसून, डोक्याला ओले पंचे गुंडाळून. कडेच्या ओल्या कुरडईचा एखादा तुकडा आमच्याही तोंडात जायचा, आणि आत्याला ते कळायचं.

ते काम एकटीने होणारं नव्हतं. म्हणून आजीचं "बरं झालं" मला नंतर वेगळं ऐकू यायला लागलं. आपल्या इथल्या घरात मात्र पाहुण्याने हात लावावा असं कामच फारसं उरलेलं नाही. भांडी मशीनमध्ये जातात, कपडे मशीनमध्ये जातात, भाजी चिरलेली मिळते. मामी रोज सकाळी ओट्याशी येऊन विचारायची, "मी काय करू?" आणि तिला देण्यासारखं काही नसायचं. मग ती सोफ्यावर बसायची, मी लॅपटॉपवर ऑफिसचं काम करायची, छोटू दोघींच्या मध्ये गाड्या फिरवायचा, आणि तू बैठकीच्या खोलीत पुस्तक घेऊन दार लावता येत नाही म्हणून वैतागायचीस. घर भरलेलं आणि प्रत्येक जण आपापला. त्याचा थकवा वेगळा असतो. परवा रात्री बाबाशी बोलले ते त्या थकव्यातून बोलले, आणि ते खरं होतं.

विमानतळावरचंही खरं होतं. कसं, ते सांगते. आत्या निघायच्या दिवशी अकोल्याच्या घरात दर वर्षी एक गोंधळ ठरलेला. आम्ही मुलं तिच्या चपला लपवायचो. आजी शिदोरी बांधायची, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि एका पिशवीत आत्याच्याच हातच्या कुरडया. आत्याच्या मुलांच्या शाळा जूनच्या मध्यात उघडायच्या. आमच्या विदर्भातल्या, उन्हामुळे, महिना संपता संपता. त्यामुळे आत्याला मृग लागायच्या सुमाराला निघावंच लागायचं. परतीची तिकिटं आबांनी काढून आणलेली, ती आजीनेच देवघराच्या फळीवर ठेवलेली. तरी आजी तिला कुंकू लावताना म्हणायची, "अजून चार दिवस राहून जा ना ताई." आत्या म्हणायची, "आता पुढच्या उन्हाळ्यात." दोघींना माहीत होतं की आत्या राहणार नाही. आजी तिला तिकीट रद्द करायला सांगत नव्हती. तू गेलीस म्हणून आम्ही सुटलो असं नाही, एवढंच तिला आत्याच्या कानावर घालायचं होतं, आणि आमच्याकडे ते असंच बोललं जातं. मामीला मी तेच म्हणाले. ते तोंडातून निघालं तेव्हा माझ्या मनात थकवाही होता आणि तिचं जाणंही लागत होतं. तुला दोन्हीतलं एक निवडायचंय, मला ते निवडता येत नाही.

एवढं लिहून मला वाटलं की हे फारच गोड होतंय, म्हणून काल अकोल्याला फोन लावला. आजी शाळेत शिकवायची हे तुला माहीत आहे. म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी तिचीही होती. वर्षातली तेवढीच. आणि ती सगळी पाहुण्यांत जायची. मी विचारलं, "तुला कधी कंटाळा नाही आला का गं?" तर म्हणाली, "आला ना. कार्ड आलं की पोटात गोळा यायचा, पाणी कसं पुरवू म्हणून. मला कोण विचारत होतं?" मग थोडं थांबून म्हणाली, "पण ताई आल्या की मला दुपारी झोपायला मिळायचं. त्या तुम्हा सगळ्यांना घेऊन बसायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, तिला उठवलं तर बघा." मला ते आठवतं. आत्या आम्हाला बंद खोलीत पत्त्यांचा डाव मांडून द्यायची, भांडण झालं की नुसते डोळे मोठे करायची. आजी आत झोपलीय म्हणून हे चाललंय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

तरी 'मला कोण विचारत होतं' हे मला फोन ठेवल्यावरही सुटलं नाही. आबांच्या बहिणीला घर उघडं होतं, ते आबांच्या शब्दावर. पाणी, गहू, गाद्या यांचा हिशेब आजीचा. आत्याही माहेरी आली म्हणून हात बांधून बसली नाही, वर्षाच्या बेगमीला राबून गेली. पुरुष मंडळी संध्याकाळी गच्चीवर टरबूज कापायला बसायची, आणि त्याची सालं गोळा करायला आम्ही मुली. त्या आठवणीवर मी जीव टाकते, पण ती जशीच्या तशी तुझ्या हातात द्यावी असं मला वाटत नाही. माणसं आपल्याकडे येऊन राहावीत, आठ-पंधरा दिवस राहावीत, त्यांची चादर आपल्या कपाटात असावी, एवढं मात्र मला हवंय. हॉटेलात उतरून एका संध्याकाळी जेवायला येणारा बंडूमामा मला चालणार नाही. हा माझा हट्ट म्हण. तुझा असायलाच हवा असं नाही.

बंडूमामाने परवा छोटूला कुकरची शिटी कशी काढून धुवायची ते शिकवलं, आणि तुला न सांगता तुझ्या सायकलची साखळी बसवून दिली. तू त्याला थँक्यू म्हणालीस, तर तो जरा ओशाळला. आमच्यात ते म्हणायची पद्धत नव्हती, म्हणून. पण त्याला आवडलं असणार. तू म्हणत जा.

पुढच्या जुलैत बंडूमामाची धाकटी बहीण, तुझी नीलूमावशी, यायचं म्हणतेय. तिची मुलगी तुझ्याच वयाची आहे. मी तिला अजून काही कळवलेलं नाही. या वेळी आधी तुला विचारते. खोली पूर्ण द्यायची, की तिची मुलगी तुझ्याबरोबर झोपेल, की खोली तुझीच राहू दे आणि आपण बैठकीत गाद्या टाकायच्या? तिन्ही चालतील, आणि तू 'नाही' म्हणालीस तर मी नीलूमावशीला तुझं नाव न घेता कळवेन. मात्र ती आली की मी तिला ओट्याशी उभी करणार आहे. गव्हाचा चीक इथे जमेल का, ते माहीत नाही, पण मागच्या अंगणातल्या टेबलावर जुलैत बटाट्याचे पापड सहज वाळतील. कावळे नाहीत, खारी आहेत. त्यांच्यावर लक्ष ठेवायला दोघी मुली लागतील, आणि छोटूला काठी द्यावी लागेल.

शुक्रवारपर्यंत विचार करून सांग. तिला तिकिटं काढायची आहेत.

तुझी
आई