मॅच संपू द्या, मग बोला

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा मोबाइलवर बीजीएमआय हा बंदुकीचा गेम खेळतो. खेळताना ‘ठोक त्याला’ म्हणून ओरडतो, शिव्या देतो. उद्या खरंच कुणावर हात उचलेल का? (एक आई, सिडको)

निव्वळ गेममुळे उचलेल, असं म्हणायला आधार नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 14-15 वर्षांच्या सुमारे 1000 ब्रिटिश मुलांची पाहणी केली, ती 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांच्या वागण्याबद्दल त्यांनी पालकांनाच विचारलं. हिंसक गेम खेळणं आणि आक्रमकपणा यांचा संबंध त्यांना दिसला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने 2020 मध्ये म्हटलं की ओरडणं, ढकलाढकली यांच्याशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. शिव्यांचं मात्र वेगळं. हेडफोनवर कोण कोण बोलतंय ते एकदा शेजारी बसून ऐका, आणि घरात ही भाषा चालणार नाही हे स्पष्ट सांगा.

प्रश्न : मुलाला जेवायला हाक मारली की ‘दोन मिनिटं’. परवा मी वायफाय बंद केलं तर रिमोट भिंतीवर फेकला. एवढं आहे तरी काय त्या बीजीएमआयमध्ये? (एक वडील, अंबड)

शंभर जण विमानातून उतरतात, खेळायचा झोन आवळत जातो, शेवटपर्यंत टिकायचं. एक मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते आणि ती मध्येच थांबवता येत नाही. त्यातून स्क्वाड, म्हणजे संघ, चौघांचा. तुमचा मुलगा उठला की उरलेले तिघे अडचणीत, आणि ते बहुधा त्याच्याच वर्गातले असतात. वर्गात ज्याला कुणी विचारत नाही, त्याला इथे ‘मला रिव्हाइव्ह कर’ (पडलोय, पुन्हा उभा कर) म्हणून हाका येतात. ही ओढ बंदुकीपेक्षा मोठी आहे, आणि मला ती खोटी वाटत नाही.

म्हणून वायफायला हात लावू नका. ताटं घ्यायच्या अर्धा तास आधी सांगा, ‘ही शेवटची मॅच.’ संपल्यावर उठला नाही, तर दुसऱ्या दिवशी फोन मिळणार नाही. ते ठरलं की मोडायचं नाही, तुम्हीही नाही. रिमोट फेकल्याबद्दल जरूर बोला, पण दोघंही शांत असताना. शिवाय त्याच तिघांना रविवारी गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेटला बोलवा. फोन काढून घेतलात पण मित्रही तुटले, तर तो आणखी एकटा पडेल.

प्रश्न : अकरा वर्षांचा पुतण्या मोठ्या चुलतभावाकडे जीटीए फाइव्ह खेळतो. चालेल का? (पंचवटी)

नाही. तो गेम प्रौढांसाठी आहे, युरोपात त्याला 18 वर्षांवरचं मानांकन आहे. मारामारीखेरीज त्यात लैंगिक दृश्यं आणि छळाचा प्रसंगही आहे. मोठ्या भावालाच विश्वासात घ्या.

प्रश्न : मुलगी सोळाची, रात्री दोनपर्यंत फोनवर बीजीएमआय खेळते, बारावीचा क्लास बुडतो. हे व्यसन म्हणायचं का? (गंगापूर रोड)

घाईने शिक्का मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण 12 महिने टिकणं, असं चित्र असेल तर निदानाचा विचार होतो. पण झोप आत्ताच वाचवायला हवी. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचाही. बीजीएमआयमध्ये 18 खालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, तेव्हा खातं कुणाच्या वयावर उघडलंय तेही पाहा. ती उदास असेल, मैत्रिणी टाळत असेल तर वर्ष सरायची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.