सफरचंद शिकून गोव्यात काय करणार?

होंड्याहून एका बाबांनी लिहिलंय: 'मुलगी बारावी सायन्सला आहे, हिमाचलात जाऊन हॉर्टिकल्चर शिकायचं म्हणून हट्ट धरून बसलीय, डोक्यात सगळं ते रॉयल डिलिशियस सफरचंद. आमच्या सत्तरीत सफरचंद होतं का? परत येऊन काय काजूच राखणार?'

नमस्कार भाऊ,
सत्तरीत रॉयल होणार नाही हे खरंच, त्या झाडाला हिवाळ्यात ७ डिग्रीच्या खाली हजारएक तास लागतात तेव्हा कुठे ते नीट फुलतं. तरी पोरीला जाऊ द्या, मनापासून सांगतो.

मी एकदा एप्रिलात हिमाचलात कोटगढला गेलेलो, १९१६ च्या सुमारास सॅम्युएल स्टोक्सनी अमेरिकेतून डिलिशियसची रोपं आणून लावली तो भाग. बघतो तर झाडांना पाण्याच्या बाटल्या टांगलेल्या आणि बाटलीत दुसऱ्याच जातीची फुललेली डहाळी! रॉयलला स्वतःच्या परागावर फळ नीट धरत नाही, गोल्डनसारखी दुसरी सफरचंदाची जात शेजारी लागते, ती कमी असली की अशा डहाळ्या लावतात आणि मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. तुमच्या काजूच्या मोहोरालाही किडे-माश्याच लागतात ना, पण ढेकण्या किडीसाठी औषध मारताना माश्यांचा विचार आपण कितीजण करतो?

फळाचंही तसंच. रॉयल हे कापून खायचं फळ, शिजवलं की लगदा होतो, पण मार लागलेला माल तिथे एचपीएमसी, म्हणजे हिमाचल सरकारचं फळप्रक्रिया महामंडळ, घेतं आणि परवाणूला त्याचा ज्यूस-जॅम होतो. आपल्याकडे हुर्राक-फेणीच्या दारूला न गेलेले काजूचे बोंडू झाडाखालीच कुजतात. तिने हे शिकून यावं असं मला फार वाटतं, काजूच राखायचा असेल तर असा राखावा.

आता कामाचं. सोलनजवळ नौणीला परमार विद्यापीठ आहे, बीएस्सी हॉर्टिकल्चर चार वर्षांचं, बाहेरच्या राज्यातल्या मुलांना आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) जागा सीयूईटी या प्रवेश परीक्षेवर मिळतात, तेव्हा फॉर्मची तारीख चुकवू नका. नाही जमलं तर दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, आणि घरापासून फार लांब नको असेल तर गोव्यातलंच सुळकर्णेचं डॉन बॉस्को कृषी कॉलेज.

त्याआधी या पावसात तिला जवळच्या नर्सरीत आठवडाभर काजूची कलमं बांधायला पाठवा, ओल्या पोत्यावर बसून. आठव्या दिवशी ती काय म्हणते ते मला कळवा.