लग्नाच्या फोटोंसाठी हप्ते करावेत का?

प्रश्न: सात महिन्यांनी माझं लग्न आहे. एका फोटोग्राफरचं काम आम्हा दोघांनाही मनापासून आवडलंय. तो सगळं मिळून एकच पॅकेज देतो: साखरपुड्याचं शूट, माझं एकटीचं ब्रायडल शूट, लग्नाचा पूर्ण दिवस आणि तीन अल्बम. फोटोंसाठी बाजूला टाकलेले पैसे त्याला पुरत नाहीत. होणारा नवरा म्हणतो, अडीअडचणीसाठी ठेवलेत त्यातून काढू. फोटोग्राफर म्हणतो, वर्षभराचे हप्ते करून मिळतील, व्याज १२ टक्के फ्लॅट. या आठवड्यात बुकिंग केलं तरच हा भाव. ब्रायडल फोटोंची मला लहानपणापासून हौस आहे, तेवढे सोडायला सांगू नका. काय करू?

उत्तर: हप्ते करू नका आणि अडीअडचणीच्या पैशांनाही हात लावू नका. फोटोग्राफर मात्र हाच ठेवा. तिन्ही गोष्टी एकत्र जमतात. कशा, ते सांगते.

तुम्ही पत्रात सगळे आकडे मोकळेपणाने दिलेत. ते इथे छापत नाही. पूर्ण पॅकेज १०० धरते, म्हणजे कुणालाही आपले आकडे घालून पाहता येतील. त्या हिशोबाने साखरपुड्याचं शूट १८, ब्रायडल १७, लग्नाचा दिवस ४५ आणि अल्बम २०. तुमच्याकडे आज २२ आहेत आणि दर महिन्याला ७ बाजूला पडतात. ४० टक्के बुकिंगला, ४० टक्के लग्नाच्या महिनाभर आधी आणि उरलेले २० टक्के फोटो हातात आल्यावर द्यायचे आहेत. म्हणजे पूर्ण पॅकेज घेतलंत तर आज १८ कमी पडतात. लग्नाच्या महिनाभर आधी तुमचे २२ आणि सहा महिन्यांचे ४२ मिळून ६४ होतील, तेव्हा द्यायचे एकूण ८०. तूट १६ ची.

आधी हप्त्यांचं बघू, कारण ‘१२ टक्के’ ऐकायला बरे वाटतात. १०० घेतले, वर्षाचं व्याज १२, एकूण ११२, बारा हप्ते, प्रत्येक ९.३३ चा. गोम ‘फ्लॅट’ या शब्दात आहे. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण १०० वर लागतं. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे देणं जेमतेम ९ चं उरलेलं असतं, पण व्याजाची आकारणी १०० वरच. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर वर्षाला साधारण २१.५ टक्के पडतो. कुठल्याही कर्जाची दुसऱ्याशी तुलना करायची असेल तर याच दराने करा. दुसरं म्हणजे, महिन्याला ७ बाजूला टाकताना तुमची ओढाताण होते, असं तुम्हीच लिहिलंय. मग ९.३३ कुठून येणार? आणि हे हप्ते लग्नानंतरही पाच महिने चालू राहतील, नवं घर लावण्याच्या ऐन दिवसांत.

फक्त १८ च्या तुटीपुरतं कर्ज घेतलं तर व्याज दोनाच्या आसपास बसेल, त्याने कुणी बुडत नाही, हे मान्य. पण जी तूट पॅकेज फोडून आपोआप मिटते, तिच्यासाठी कर्ज का काढायचं? ‘शून्य टक्के हप्ते’ असं कुणी म्हणालं तर एवढंच विचारा: रोख दिले तर किती कमी कराल? जी सूट सांगतील ती म्हणजे त्या शून्य टक्क्यांचं व्याज.

अडीअडचणीचे पैसे तुमच्याकडे तीन महिन्यांच्या खर्चाएवढे आहेत. ते मुळातच थोडे आहेत. लग्नाच्या आगेमागे घर बदलतं, कधी नोकरी बदलते, घरातलं कुणी आजारी पडलं तर सगळ्या तारखा कोलमडतात. ज्या काळात हे पैसे लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच काळात ते कमी करू नयेत. होणाऱ्या नवऱ्याचा हेतू चांगला आहे, कर्जापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे हेही खरं. तरी माझं उत्तर नाहीच.

आता नेमकं काय विकत घ्यायचं ते. राणी व्हिक्टोरियाचं लग्न १८४० सालचं. छायाचित्रणाची कला त्याच्या आदल्याच वर्षी जगासमोर आली होती, त्यामुळे त्या लग्नाचा एकही फोटो नाही. तिचे आणि आल्बर्टचे ‘लग्नाचे फोटो’ म्हणून जे अनेकदा दाखवले जातात, ते रॉजर फेंटनने १८५४ मध्ये, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर काढलेले आहेत. छान कपडे घालून, नीट उभं राहून काढायचा फोटो चौदा वर्षांनीही काढता येतो. तो दिवस मात्र कुठेच टिपलेला नाही.

तुमच्या १०० पैकी पुन्हा न येणारे आहेत ते ४५. साखरपुड्याचं शूट दोन महिने पुढे गेलं, छोटं झालं, तरी काही बिघडत नाही. अल्बम तर वर्षाने केला तरी चालतो, फोटो जपून ठेवले असले म्हणजे झालं.

म्हणून फोटोग्राफरला सांगा: लग्नाची तारीख आज पक्की करतो, बाकीचं सुटं करून द्या. संकोच करू नका. लग्नाची तारीख हीच त्याच्याकडची मोलाची गोष्ट, ती तुम्हाला दिली की दुसऱ्या कुणाला देता येत नाही. ती भरली गेली की उरलेल्या शूटच्या बाबतीत बहुतेक जण ऐकून घेतात. ४५ चे ४० टक्के, म्हणजे १८, आज द्या. हातात ४ उरतील. दोन महिन्यांनी १८ होतील, त्यातून साखरपुड्याचं अर्ध्या वेळाचं शूट ९ मध्ये बसवा. लग्नाच्या महिनाभर आधी तुमच्याकडे ३७ असतील, त्यातले १८ जातील. लग्नाच्या दिवशी २६ शिल्लक आणि द्यायचे राहिले फक्त ९. म्हणजे मोकळे १७. तुमच्या ब्रायडल शूटची किंमत नेमकी तेवढीच आहे.

तेव्हा ब्रायडल शूट सोडा असं मी सांगत नाही. पण त्यातला एकही पैसा न उरवता सगळं खर्चू नका, कारण लग्नाच्या दिवशी कार्यक्रम लांबला तर जादा तासांचे पैसे द्यावे लागतात. या शूटला फोटोग्राफरच्या पैशांखेरीज छुपा खर्चही असतो: मेकअप आणि केस दोनदा, जाणं-येणं, आणि लग्नाचा पोशाख आधीच मळण्याची धास्ती. मेकअपची ट्रायल तुम्ही कधीतरी करणारच आहात ना? शूट त्याच दिवशी ठेवा. मेकअपचा दुसरा खर्च वाचेल, आणि तो मेकअप कॅमेऱ्यात कसा दिसतो हेही लग्नाआधी कळेल. वेळ मात्र मावळतीच्या आधीचा एक तास घ्या. तेव्हा उजेड तिरपा आणि मऊ असतो, दुपारसारख्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. एका तासात होणाऱ्या शूटसाठी १७ द्यायची गरज नाही, १० च्या आसपास मागा.

तयारी नीट केली तर विकत घेतलेल्या तासांतून खूप जास्त मिळतं. हे मी माझ्या लग्नात शिकले. आम्ही गटफोटोंची यादी केली नव्हती. जो दिसेल त्याला ओढून उभं करत दीड तास गेला, आणि त्या गडबडीत मोठी मावशी निघून गेली. तिचा माझ्यासोबत फोटो नाही. अल्बममध्ये मी आज ज्या पानाशी थांबते, त्यावर वडील दाराशी उभे राहून चष्मा पुसतायत. त्यांना कुणी उभं केलं नव्हतं. फोटोग्राफरचा मदतनीस तेवढ्या वेळात मोकळा होता म्हणून ते टिपलं गेलं. वडील आता नाहीत. तुमच्या ४५ मध्ये दुसरा फोटोग्राफर आहे, त्याला पैसे वाचवायला काढू नका.

गटफोटोला साधारण तीन मिनिटं धरा. वीस गट म्हणजे एक तास. यादी बारा-पंधरावर आणा, वयस्कर माणसं आधी घ्या, आणि दोन्हीकडची माणसं ओळखणारं कुणीतरी फोटोग्राफरजवळ उभं करा. तयार होण्यासाठी मोठ्या खिडकीची खोली निवडा आणि फोटो काढताना आतले पिवळे दिवे बंद ठेवा. दोन रंगांचा उजेड मिसळला की चेहऱ्याचा रंग बिघडतो आणि तो नंतर सुधारणं किचकट असतं.

‘या आठवड्यातच’ या घाईला बधू नका. दोन दिवस मागा आणि तेवढ्यात करार लेखी घ्या. त्यात प्रत्यक्ष फोटो कोण काढणार, तो आजारी पडला तर कोण येणार, तारीख बदलली तर ॲडव्हान्सचं काय, जादा तासाचा दर, निवडून सुधारलेले फोटो किती आणि कधीपर्यंत मिळणार, एवढं असायलाच हवं. फोटोंचा हक्क कुणाचा याबद्दलचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. म्हणून तुम्हाला ते छापता येतील का आणि त्याला जाहिरातीत वापरता येतील का, हे दोन्ही लिहून घ्या. एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवणारा कॅमेरा तो वापरतो का, हेही विचारा. एक कार्ड खराब झालं तरी दिवस हातचा जात नाही.

शेवटचे ९ मात्र फोटो मिळाल्याशिवाय देऊ नका. मिळाले की त्याच दिवशी तीन प्रती करा: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, क्लाउडवर किंवा आईकडे. सगळ्या फाइल उघडतायत हे बघा, मोठा आकार आहे ना ते तपासा. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो २० इंच रुंदीपर्यंत स्वच्छ छापता येतो, व्हॉट्सॲपवरून आलेला छोटा झालेला फोटो नाही. एवढं झालं की पैसे पाठवा. मग पुढच्या महिन्यापासून ते ७ अल्बमसाठी टाकत राहा. तीन अल्बमांचे २० होते, एकाला साधारण ७ पडतील.