उत्तर: ०.६०५६ आणि ०.१०५६ मधला घोळ तक्त्याचा आहे

तुमचा प्रश्न असा: गुण प्रसामान्य वितरणात (नॉर्मल, म्हणजे घंटाकृती वक्रात) आहेत, सरासरी ६०, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ८, आणि हवी ७०च्या वर गुण मिळण्याची संभाव्यता. तुमचं उत्तर ०.६०५६, पुस्तकात ०.१०५६. पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं वर आलं. दोन्ही आकड्यांत बरोब्बर ०.५ चा फरक आहे. असं झालं की मी आधी झेडच्या तक्त्यावरच संशय घेते.

झेड (७० हे सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा) १.२५ तुम्ही बरोबर काढलाय, त्यात शिरत नाही. पण तक्ते दोन जातींचे असतात. एकात डाव्या टोकापासून झेडपर्यंतचं वक्राखालचं क्षेत्रफळ, म्हणजेच संभाव्यता, असतं, तिथे १.२५ समोर ०.८९४४. दुसऱ्यात शून्यापासून झेडपर्यंतचं, तिथे ०.३९४४. तुमच्या हातात दुसरा आहे आणि वजाबाकी मात्र पहिल्याची केलीत. १ मधून नाही, ०.५ मधून वजा करा. शिवाय, रागावू नका, पण ७० हे सरासरीच्या वर असताना त्याच्याही पुढे निम्म्याहून जास्त मुलं असतील कशी?

हे शहाणपण मला फार उशिरा आलं. वर्षभर मी डावीकडून मोजणारा तक्ता वापरला आणि परीक्षेत हातात पडला शून्यापासूनचा. वर आकृती नाही, एका ओळीची टीपही नाही. वरच्या ५ टक्क्यांची सीमा काढायची होती. आतल्या आकड्यांत ०.९५ शोधत बसले, तर शेवटचाच आकडा ०.४९९०! घाबरून समासातल्या झेडच्या रकान्यात ०.९ ची ओळ धरली, ०.०५ खाली ०.३२८९ दिसलं आणि तेच झेड म्हणून सूत्रात घातलं. म्हणजे संभाव्यतेला झेड समजले आणि झेडला संभाव्यता. खरं तर आत ०.४५०० शोधायचं होतं. ते १.६४ आणि १.६५ च्या मध्ये सापडतं, म्हणून १.६४५. पुढची तीन उपप्रश्नं त्याच सीमेवर उभी होती, सगळी गेली.

परीक्षा विभागात गेले तर खिडकीपलीकडून उत्तर आलं, "तक्ता तो तक्ताच, त्यात वेगळं काय असतं?" फेरतपासणीचा अर्ज घेतला आणि फक्त बेरीज तपासून परत दिला. चूक माझी होती, मान्य. पण तक्त्याच्या डोक्यावर छायांकित घंटाकृती वक्र छापायला कितीशी शाई लागते?

असो. तुमचा दुसरा प्रश्न, वरच्या १० टक्क्यांची सीमा. तुमच्या तक्त्यात आत ०.४००० च्या जवळचं बघा: ०.३९९७, म्हणजे झेड १.२८. ६० + १.२८ × ८ = ७०.२४. पडताळा आयताच मिळतो: ७०च्या वर १०.५६ टक्के होते, तर १० टक्क्यांची सीमा ७०च्या जराशी पुढेच हवी.

मी शिक्षिका नाही, तुमच्या परीक्षकांना कोणती मांडणी चालते ते त्यांनाच विचारा. माझी सवय सांगते: आधी वक्र काढून हवा तो भाग रंगवायचा, मग १.०० समोर बघायचं. ०.८४१३ असेल तर डावीकडून, ०.३४१३ असेल तर शून्यापासून. एक्सेलचं नॉर्म.इन्व्ह (क्षेत्रफळावरून सीमा काढणारं सूत्र) नेहमी डावीकडचंच क्षेत्रफळ मागतं, तिथे ०.१० नाही, ०.९० द्या. आणि प्रश्नात वितरणापुढे कंसात ६०, ६४ असं छापलेलं दिसलं तर ६४ ने भागू नका. तो बहुधा प्रमाण विचलनाचा वर्ग असतो.