वीस वर्षं जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस गाडी घेतोय, रोज चालेल का?
चालेल, पण आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा रबरी पट्टा, बदला. रनिंग कमी आहे म्हणून गाफील राहू नका, रबर वयानंही मरतं. या १.८ लिटरच्या टर्बो इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडावं लागतं. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप त्याच वेळी बदलून घ्या, दुसऱ्यांदा मजुरी कशाला? बॉनेट उघडून व्हॅक्यूमचे पाइप बोटांनी दाबून बघा. खारी बिस्किटासारखे कडकडले तर आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत चालू असलेलं इंजिन, का डुगडुगतंय ते तिथंच कळेल. घाट चढून आलात की लगेच चावी फिरवून इंजिन बंद करू नका, मिनिटभर ते चालू ठेवा. टर्बो तापलेला असतो. आणि हो, १५ वर्षं उलटलीत, त्यामुळे आरसीचं (गाडीच्या नोंदणीचं) नूतनीकरण झालंय का ते पैसे मोजण्याआधी बघा. तेही पाचच वर्षांचं मिळतं.