ड्युसेलडॉर्फच्या प्रभावावर लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

ड्युसेलडॉर्फ स्कूल, म्हणजे जर्मनीतल्या त्या शहराच्या कला अकादमीभोवती एकोणिसाव्या शतकात घडलेली चित्रशैली, तिच्या प्रभावावरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. नकाशावर ड्युसेलडॉर्फला एक ठिपका दिलास आणि तिथून ओस्लो, हेलसिंकी, सेंट पीटर्सबर्ग, न्यूयॉर्क, मेलबर्न असे बाण सोडलेस. नकाशा देखणा झालाय, परीक्षकांना आवडेलही. माझा मात्र त्या बाणांवर विश्वास नाही. बाण पाहिला की इथून काहीतरी सुटलं आणि तिथे जाऊन लागलं असं वाटतं. प्रत्यक्षात माणसं उलट दिशेने आली होती. नॉर्वेची, फिनलंडची, अमेरिकेची पोरं ऱ्हाईनकाठच्या त्या शहरात वर्षानुवर्षं राहिली, आणि पुढे त्यांच्या देशांनी 'हे आमचं' म्हणून भिंतीवर लावलेली कितीतरी चित्रं तिथल्या स्टुडिओत तयार झाली. आपलं घर रंगवायला त्यांना घरापासून इतकं लांब का यावं लागलं, हा प्रश्न धरून लिही. 'प्रभाव' हा शब्द पहिल्या प्रकरणात शक्यतो वापरूच नकोस.

ड्युसेलडॉर्फच का, याला तू दोन ओळी दिल्यास. इथे निदान दहा पानं हवीत. त्या शहरातला राजघराण्याचा जुना चित्रसंग्रह 1805-06 मध्ये म्युनिकला हलवला गेला. रुबेन्सचं 'मेरीचं स्वर्गारोहण' तेवढं मागे राहिलं, कारण ते लाकडी फळ्यांवरचं अवाढव्य चित्र उचलून नेणंच अवघड होतं. 1815 ला शहर प्रशिया या जर्मन राज्याकडे आलं, 1819 ला अकादमी नव्याने सुरू झाली, आणि 1826 मध्ये चित्रकार विल्हेल्म फॉन शादो संचालक म्हणून आला तो 1859 पर्यंत त्या खुर्चीत होता. म्हणजे शिकायला अकादमी आहे, पण नक्कल करायला जुन्या उस्तादांचा खजिना नाही! माझ्या मते ही उणीवच पथ्यावर पडली. शिर्मर आणि लेसिंग या दोन चित्रकारांनी 1827 मध्ये निसर्गचित्रांच्या रचनेसाठी मंडळ काढलं. बाहेर जायचं, एकेक खडक, एकेक झुडूप ओळखू येईल इतक्या बारकाईने रंगवून आणायचं, आणि मग स्टुडिओत त्या तुकड्यांतून मोठं चित्र जुळवायचं, ही त्यांची रीत.

जोडीला बाजार होता. 1829 मध्ये तिथे कलासंघ निघाला. सभासदांनी वर्गणी भरायची, संघाने चित्रं विकत घ्यायची आणि सोडत काढून ती सभासदांत वाटायची. वकील, व्यापारी यांच्या दिवाणखान्यात चित्र जायला लागलं ते या वाटेने. दिवाणखान्यात काय खपतं? निसर्ग, खेड्यातले प्रसंग, थोडा इतिहास. या स्कूलच्या विषयांची यादी करताना ही वर्गणी विसरू नकोस. शैलीचा इतिहास लिहिणारे पैशाचं नाव काढायला लाजतात, तू लाजू नकोस.

आता नॉर्वे. तुझ्या आराखड्यात 'हार्डांगरमधली वरात' या चित्राचा उल्लेख ओझरता आहे, आणि मी तर म्हणेन की अख्खं प्रकरण त्याच्यावर उभं कर. 1848 चं चित्र. माणसं आडोल्फ टिडेमान्डची, डोंगर-पाणी हान्स गुदेचं. दोघंही ड्युसेलडॉर्फमध्ये घडलेले. फियॉर्डच्या (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या) आरशासारख्या पाण्यात नाव, नावेत मुकुट घातलेली नवरी, फिडल वाजवणारा, मागे लाकडी चर्च आणि त्याच्याही मागे बर्फाचे डोंगर. चित्र नीट निरख. उजेड असा पडलाय की नवरीकडे नजर जावीच. नॉर्वेत हिंडून केलेल्या अभ्यासचित्रांवरून जुळवलेला देखावा आहे हा, एका जागी उभं राहून टिपलेला नव्हे. 1849 मध्ये ख्रिस्तियानियाच्या (म्हणजे आजच्या ओस्लोच्या) रंगमंचावर या चित्राचा जिवंत देखावा उभा केला गेला, आंद्रेआस मुंकची कविता आणि हाल्फदान शेरुल्फचं संगीत घेऊन. तेव्हा नॉर्वे स्वीडनच्या राजाखाली होता, आणि त्याआधी कित्येक शतकं डेन्मार्कच्या. चित्रकारांना शिकवेल अशी स्वतःची अकादमी नव्हती. 'आम्ही कोण' हे दाखवणाऱ्या चित्राची भूक होती, आणि ते रचायचं तंत्र प्रशियातल्या एका अकादमीत मिळत होतं. पुढे गुदे 1854 मध्ये तिथेच निसर्गचित्राचा प्राध्यापक झाला. मग ही शैली जर्मन म्हणायची की नॉर्वेची? घाईने उत्तर देऊ नकोस.

अमेरिकेचा किस्सा तर यापेक्षा बहारीचा. 'वॉशिंग्टन डेलावेअर ओलांडताना' हे चित्र अमेरिकन पोरांना पाठ्यपुस्तकातून पाठ असतं. ते रंगवलं ड्युसेलडॉर्फमध्ये. इमॅन्युएल लॉयत्झे जन्माने जर्मन, वाढला फिलाडेल्फियात, शिकायला परत जर्मनीत. 1848 चे उठाव फसल्यावर युरोपातल्या उदारमतवाद्यांना धीर द्यावा म्हणून त्याने हा विषय घेतला. नदीतला बर्फ ऱ्हाईनवरून घेतलेला. जर्मन मॉडेल अंगापिंडाने पसंत पडेनात, म्हणून स्टुडिओत येणाऱ्या अमेरिकनांनाच तो धरून उभं करी. वर्दिंग्टन व्हिट्रेज नावाचा तरुण निसर्गचित्रकार 1849 मध्ये तिथे पोचला आणि सापडला तावडीत. वॉशिंग्टनचा अंगरखा एकाच बैठकीत रंगवून व्हावा म्हणून हा पूर्ण गणवेशात, हातात दुर्बीण घेऊन दोन तास न हलता उभा. संपेपर्यंत अर्धमेला झालो होतो, घशात शॅम्पेन ओतली तेव्हा तगलो, असं त्याने आठवणीत लिहून ठेवलंय.

पहिली प्रत 1850 मध्ये स्टुडिओला लागलेल्या आगीत खराब झाली. ती दुरुस्त होऊन ब्रेमेनच्या संग्रहालयात गेली आणि 1942 च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. दुसरी प्रत, साडेसहा मीटर रुंद, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. चित्रातला तारे-पट्ट्यांचा झेंडा वॉशिंग्टनने नदी ओलांडली त्या 1776 च्या रात्री अस्तित्वातच नव्हता, तो 1777 चा. या चुकीवर पानभर खर्च करणारे पुष्कळ आहेत, तू एका वाक्यात पुढे जा. त्यापेक्षा हे तपास की न्यूयॉर्कमध्ये 1849 पासून ब्रॉडवेवर 'ड्युसेलडॉर्फ गॅलरी' चालू होती. म्हणजे समुद्र न ओलांडताही तिथल्या लोकांना ती चित्रं तिकीट काढून बघता येत. प्रभाव म्हणतेस ना, त्यातला बराचसा असा दुकानातून गेला.

अमेरिकन निसर्गचित्रकार बियरस्टाटबद्दल तू भारावून लिहिलंस, वयाला शोभतं. सोलिंगेनमध्ये जन्म, न्यू बेडफर्डला बालपण, 1853 मध्ये ड्युसेलडॉर्फ. 1859 ला तो लँडरच्या सर्वेक्षण तुकडीबरोबर रॉकी पर्वतात गेला, अभ्यासचित्रं घेऊन आला आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओत 1863 मध्ये 'रॉकी पर्वत, लँडर शिखर' उभं केलं. शिर्मर-लेसिंगचीच रीत, फक्त डोंगर बदलले आणि कापड वाढलं. ते चित्र 25,000 डॉलरला गेलं. आणि याच माणसाचं 'शेवटची म्हैस' 1889 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अमेरिकन निवड समितीनेच नाकारलं. तोवर चव पॅरिसकडे वळली होती. तुझ्या आराखड्यात ओहोटी कुठेच नाही, सगळी भरतीच आहे. ओहोटीवरही लिही.

स्त्रिया तर यादीतच नाहीत! अकादमीत त्यांना प्रवेश नव्हता, म्हणून अकादमीच्या पटावर शोधशील तर सापडणार नाहीत. फिनलंडची चित्रकार फॅनी चुरबर्ग 1867 मध्ये आली आणि चित्रकार कार्ल लुडविगकडे खासगी शिकवणी घेतली. तिची जंगलं, तिचं वादळी आभाळ बघ. शिकवलेला नीटसपणा मोडून रंग अंगावर येतात. 1880 च्या सुमारास तिने चित्रं सोडली आणि फिनिश हस्तकलेच्या कामाला वाहून घेतलं. रशियाचा शिश्किन आणि फिनलंडचा होल्मबर्ग यांच्यावर एकेक परिच्छेद पुरे, पण चुरबर्गला जागा दे.

मेलबर्नचं प्रकरण मला सर्वांत आवडतं. शिर्मरकडे शिकलेला युजीन फॉन गेरार 1852 मध्ये सोन्याच्या आशेने ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात पोचला. सोनं फारसं हाती लागलं नाही, कुंचला परत हातात आला. 1855 मध्ये त्याने 'टॉवर हिल' हे विझलेल्या ज्वालामुखीचं चित्र केलं, झाडं ड्युसेलडॉर्फच्या शिस्तीने, जातवार ओळखू येतील अशी. पुढे तो डोंगर चराईने आणि खाणकामाने उजाड झाला. 1960 च्या दशकात तिथे पुन्हा झाडं लावायची ठरली तेव्हा कुठली झाडं लावायची हे ठरवायला गेरारच्या चित्राचा आधार घेतला गेला. गंमत पुढे आहे. 1870 पासून तोच मेलबर्नच्या सरकारी चित्रशाळेचा प्रमुख झाला, आणि मुलांना गॅलरीतली चित्रं उतरवायला बसवू लागला! टॉम रॉबर्ट्स, फ्रेडरिक मॅकबिन तिथेच शिकले, आणि त्यांनी पुढे ऑस्ट्रेलियाचं ऊन वेगळ्याच, मोकळ्या हाताने रंगवलं. शिष्य गुरूकडे पाठ फिरवतो तेव्हा त्याला प्रभावाच्या हिशेबात कुठे मांडायचं, याचा विचार कर.

शेवटच्या प्रकरणात 'भारतीय संदर्भ' म्हणून जे.जे. स्कूल ओढून आणलंस, ते काढ. जे.जे.चा धागा लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेला जातो. जे.जे.त शिकवणारे लॉकवुड किपलिंग आणि ग्रिफिथ्स तिथूनच आले होते. मराठीत लिहितोय म्हणून प्रत्येक विषयाची मुंबईशी गाठ मारलीच पाहिजे असं नाही.

आणि जर्मन शिकायला लाग. इंग्रजी पुस्तकांवर विसंबलीस तर तुझ्या प्रबंधात अमेरिका फुगेल आणि फिनलंड सुकेल, आताच तसं दिसतंय. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात वर्ग असतात, पुढच्या सत्राला नाव घाल. तोवर हार्डांगरचं प्रकरण लिहून पाठव, वीस पानांच्या आत, आणि चित्राची छापील प्रत जितकी मोठी मिळेल तितकी सोबत जोड.

तुझे,
सर